वुडहाउसचं 'द स्वूप' कुणी वाचलंय का? मतं हवीयत

पानवेल
जीव्ज आणि ब्लँडिंग्ज बरंचसं वाचून झालंय म्हणून आता पी. जी. वुडहाउस या इंग्रज विनोदी लेखकाची अगदी सुरुवातीची पुस्तकं काढलीयत, त्यात हे 'द स्वूप' मिळालं. १९०९ चं आहे, म्हणजे तेव्हा तो २७ वर्षांचा. छोटंसंच आहे, एका बैठकीत होतं. इंग्लंडवर एकदम नऊ सैन्यं चाल करून येतात, जर्मन, रशियन, चिनी, तरुण तुर्क, मोरोक्कोचे लुटारू, मॅड मुल्ला (सोमालीलँडमधला ब्रिटिशांविरुद्ध लढणारा नेता), स्वित्झर्लंडचं नौदल, मोनॅको आणि बोलीगोला नावाच्या कुठल्यातरी काल्पनिक देशाचे लोक, आणि देश वाचवतो कोण तर क्लॅरेन्स चगवॉटर नावाचा १४ वर्षांचा बॉय स्काउट.
काही ठिकाणी भयंकर हसलो. पेपरात अगदी शेवटच्या क्षणी घुसवलेल्या बातम्यांमध्ये क्रिकेटचा स्कोअर आणि घोड्यांच्या शर्यतीचा निकाल यांच्या मधोमध एका ओळीत जर्मन सैन्य एसेक्समध्ये उतरल्याची बातमी येते, ती जागा तर जबरदस्तच आहे. पण पुढे पुढे असं वाटायला लागलं की कुणीतरी आपल्यासमोर झकास नक्कल करतंय आणि ज्याची नक्कल चाललीय त्याला आपण कधी पाहिलेलंच नाही. शिवाय जीव्जच्या गोष्टींतल्या बर्टीसारखा जीव लावावा असं पात्र एकही नाही. तुम्हाला कसं वाटलं? आणि काही आधी वाचून मग हे घ्यायला हवं होतं का?

अक्षरयात्री
माझं अतिशय आवडतं पुस्तक आहे हे, त्यामुळे जरा लांबण लागेल.
ज्याची नक्कल आहे ना, तो तेव्हाचा एक अख्खा साहित्यप्रकार होता. १८७१ मध्ये चेस्नीचं 'द बॅटल ऑफ डॉर्किंग' आलं, प्रशियाने नुकतंच फ्रान्सला लोळवलं होतं आणि आता आपला नंबर अशी इंग्रजांना धास्ती होती. तिथून पुढे परक्या फौजा इंग्लंडात घुसल्याच्या कादंबऱ्यांची रांगच लागली. कळस म्हणजे १९०६ चं विल्यम ल क्यू याचं 'द इन्व्हेजन ऑफ १९१०'. ते डेली मेलमध्ये क्रमशः यायचं, आणि पेपरच्या मालकाने जर्मन फौजेचा मार्गच बदलायला लावला, का तर जिथे पेपर खपेल अशी मोठी गावं त्या वाटेवर यायला हवीत! जाहिरातीसाठी प्रशियन गणवेश घातलेली माणसं गळ्यात पाट्या अडकवून लंडनभर फिरवली होती. हे सगळं खरंच घडलेलं आहे.
मग जानेवारी १९०९ मध्ये गाय द्यू मॉरिएचं 'ॲन इंग्लिशमन्स होम' हे नाटक आलं, त्यात एक मध्यमवर्गीय कुटुंब खेळांच्या नादात दंग असताना शत्रू घरात शिरतो. नाटक तुफान चाललं आणि नव्या टेरिटोरियल फोर्समध्ये, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांच्या सैन्यात, भरती व्हायला तरुण पुढे यायला लागले. आणि एप्रिलमध्ये 'द स्वूप' आलं. चगवॉटर मंडळी बैठे खेळ खेळत बसलीयत आणि देश धोक्यात आहे असं क्लॅरेन्स एकटाच कळवळून सांगतोय, हे त्या वेळच्या वाचकाने पाहिलं की त्याला लगेच ते नाटक आठवणार.
म्हणून मला वाटतं वुडहाउसचा नेम जर्मनांवर नाहीच, तो भीती विकणाऱ्यांवर आहे. आक्रमक सेनापतींना म्युझिक हॉलवाले (गाणी-नकलांचे खेळ लावणारी थिएटरं) स्टेजवर काम देतात, मग कुणाला जास्त पगार यावरून जर्मन प्रिन्स ऑटो आणि रशियन ग्रँड ड्यूक वोडकाकॉफ यांच्यात जुंपते, हा भाग लोकांना ताणलेला वाटतो पण माझ्या मते तोच पुस्तकाचा गाभा आहे. आक्रमणाची भीती त्या वर्षी खरोखरच तिकीट लावून स्टेजवर चालली होती.

रातकिडा
अक्षरयात्री, माहिती एक नंबर पण पुस्तकाबद्दल पटलं नाही. पार्श्वभूमी कळल्यावर विनोद समजतो, हसू येतंच असं नाही. एकच कल्पना आहे, इंग्रजांना आक्रमणाचं काही सोयरसुतक नाही, आणि ती पहिल्या तीन-चार प्रकरणांतच संपते. लंडनवर तोफा डागतात तो ऑगस्ट महिना असतो आणि सुट्टीमुळे गावात कुणी नसल्यामुळे जीवितहानी होत नाही, हे मस्तच आहे, मान्य. पण शेवटची धुक्यातली लढाई वगैरे अगदी उरकून टाकल्यासारखी आहे.
आणि बोलीगोला आणि चिनी लोकांबद्दलचे विनोद? तिथे कुठली नक्कल नाही की टीका नाही, रंगावरून आणि नावावरून हसलेलं आहे फक्त. मला ती पानं आज वाचवत नाहीत आणि काळच तसा होता म्हणून सोडूनही द्यावंसं वाटत नाही.
सुरुवातीचं लेखन म्हणून सवलत द्यायलाही मी तयार नाही कारण त्याच १९०९ चं 'माइक' काढून बघा. त्यात स्मिथ (Psmith) नावाचं पात्र आहे, तोंड उघडलं की पान उजळतं. म्हणजे पात्र उभं करणं त्याला तेव्हाच येत होतं. क्लॅरेन्ससाठी तेवढा वेळ दिला नाही, इतकंच.

सांजवारा
मी हे उलट्या बाजूने वाचलं, म्हणजे वुडहाउसच्या बर्लिन रेडिओच्या प्रकरणाबद्दल आधी वाचलं होतं आणि मग हे हातात आलं, त्यामुळे हसताना सारखं अडखळायला व्हायचं. १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये ल तुकेला पोचल्या तेव्हा हा तिथेच राहत होता, पकडला गेला, नजरकैदेत राहिला आणि १९४१ मध्ये बर्लिनहून त्या कैदेबद्दल हलकीफुलकी भाषणं केली. इंग्लंडात लोक किती खवळले असतील विचार करा, बॉम्ब पडत होते तिथे. त्या भाषणांचा सूर आणि 'द स्वूप'चा सूर मला एकाच माणसाचा वाटतो, संकट दारात आलं तरी त्याची चेष्टाच सुचणारा. १९०९ मध्ये तो सूर अगदी योग्य होता कारण संकट पेपरवाल्यांनी फुगवलेलं होतं. १९४१ मध्ये तसं नव्हतं. मला तो गद्दार मुळीच वाटत नाही पण वाईट वाटतं.
अजून एक, त्याने हेच कथानक १९१५ मध्ये अमेरिकेसाठी नव्याने लिहिलं, व्हॅनिटी फेअरमध्ये आलं होतं, त्यात अमेरिकेवर जर्मन आणि जपानी येतात. युरोपात तेव्हा खरं युद्ध पेटलेलं होतं! अमेरिका अजून बाहेर होती म्हणून ते छापून आलं असावं.

अक्षरयात्री
सांजवारा, १९१५ चा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. बोलीगोलाबद्दल रातकिडा म्हणतात ते बरोबरच आहे, ती पानं पुस्तकातली सगळ्यात कमकुवत आहेत.
पानवेल, आधी काय वाचावं विचारलंत तर ल क्यूच्या वाटेला जाऊ नका, फार रटाळ आहे, दोन-तीन प्रकरणं चाळलीत तरी बास. त्यापेक्षा साकीचं 'व्हेन विल्यम केम' (१९१३) घ्या. तोही विनोदी लेखकच, पण त्याने जर्मनांनी जिंकलेलं लंडन गंभीरपणे रंगवलंय आणि लोक किती सहज रुळतात हे दाखवलंय. पुढे चाळिशी उलटलेली असताना तो साधा सैनिक म्हणून भरती झाला आणि १९१६ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचली की त्या दहा वर्षांत इंग्रज माणसाच्या मनात काय चाललं होतं ते दोन्ही टोकांनी दिसतं.

पानवेल
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. त्या नाटकाचं कळल्यावर चगवॉटर कुटुंबाचं पहिलं प्रकरण परत वाचलं आणि आता ते कितीतरी जास्त आवडलं. दुसऱ्या भागाबद्दल मात्र अजून रातकिडांच्या बाजूनेच आहे, पगाराच्या भांडणाची कल्पना छान आहे पण प्रसंग रंगत नाहीत. साकी आज रात्रीच सुरू करतो. १९१५ चं ते अमेरिकन रूप कुठल्या संग्रहात आलंय का, सांजवारा?