मदत हवी आहे: गॅस-पेट्रोल भडकले आणि पगारही आटला तर? आधी काय करावे? (नेरूळ)

नमस्कार मंडळी,

नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. नवरा, मी, सासूबाई आणि नववीतली लेक. नवरा महाप्याला प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे. त्यांचा कच्चा माल पेट्रोलियमपासूनच येतो, त्यामुळे क्रूड (कच्चं तेल) चढलं की तिकडे ओव्हरटाइम बंद होतो आणि इकडे घरखर्च वाढतो. मिळकत आणि खर्च एकाच दोरीला बांधलेले, ही खरी भीती. माझी ठाण्यातली नोकरी बेताची, पण ट्रान्स-हार्बर लोकलचा पास असल्याने जाण्यायेण्याची काळजी नाही.

पहिला प्रश्न स्वयंपाकाचा. देशातला निम्म्याहून जास्त एलपीजी आयातीचा आणि त्यातला बहुतेक इराणजवळच्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येणारा, तिथे अडलं की इथे टंचाई. म्हणून इंडक्शन घ्यायचं म्हणतेय. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली बरीच भांड्याच्या कडेने वाया जाते, इंडक्शनवर कमी. म्हणजे सिलिंडरभर काम १२५-१३० युनिटांत व्हावं. पण महावितरणचा दर १०० युनिटांनंतर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो. उन्हाळ्यात एसीमुळे आम्ही तीनशेच्या आसपास असतोच, मग वरचा सगळा वापर महागड्या टप्प्यात जाणार. त्यामुळे कुकर, दूध, चहा इंडक्शनवर आणि भाकरी-फुलके गॅसवर असा विचार आहे. ओट्याजवळ १६ अँपिअरचा पॉइंट नाही. सिडकोच्या जुन्या वायरिंगवर मीटरपासून वेगळी लाइन ओढावी लागते का? कोणी केलं असेल तर खर्च सांगा.

सोलरचं सोसायटीत काढून पाहिलं. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलरच्या योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॅटसाठी ७८ हजारांचं अनुदान, सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. पंप आणि लिफ्टचं बिल उतरलं तर मेंटेनन्स तरी वाढणार नाही. पण गच्चीवर गळतीसाठी पत्र्याची शेड आहे आणि कमिटी म्हणते, पत्र्याला भोकं पाडायची नाहीत. नवी मुंबईत निम्म्या गच्च्यांवर अशाच शेड दिसतात, कुणीतरी मार्ग काढलाच असेल ना?

धान्यावरून घरात दोन पक्ष आहेत. सासूबाईंचं म्हणणं, वाशीच्या दाणा मार्केटमधून वर्षाचं भरून टाक. त्यांच्या माहेरी अंगणात ऊन होतं, इथे बाल्कनीत सकाळचा तासभर. तूरडाळीला एरंडेल लावलं, गव्हात कडुनिंबाचा पाला घातला तरी या दमट हवेत पावसाळ्यात किडे होतातच. माझ्या मते तीन महिन्यांचं पुरे. खाद्यतेलाचे डबे मात्र अजिबात साठवणार नाही. २०२२ मध्ये इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे थांबवली तेव्हा काय धावपळ झाली ते आठवतंय, पण महिनोन्‌महिने ठेवलेलं तेल खवट होतं. त्यापेक्षा तळण कमी केलेलं बरं.

आता मुख्य मुद्दा. हाताशी दीडेक लाख आहेत. गृहकर्ज बदलत्या व्याजदराचं आहे, म्हणजे मुदतीआधी फेडलं तरी दंड नाही. नवरा म्हणतो, ते पैसे कर्ज फेडायला भरून टाक, हप्ता कमी करून घेऊ. मला वाटतं, कर्जात गेलेला पैसा अडचणीत परत मागता येत नाही. त्यापेक्षा सासूबाईंचा वेगळा आरोग्य विमा आधी घ्यावा. आज त्या नवऱ्याच्या कंपनीच्या गटविम्यात आहेत. नोकरी गेली की तोही गेला. त्यांना मधुमेह आहे, आणि आधीपासूनच्या आजाराला नवीन पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ते घड्याळ आत्ताच सुरू करावं असं वाटतं. पण या वयात प्रीमियम जबर आहे, तो भरून सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज कशी होणार?

मला क्रम सांगा: विमा, शिल्लक, वायरिंग, कर्ज. गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाताना आधीची वर्षं या थांबण्याच्या मुदतीत धरून मिळाली, असा अनुभव असेल तर तो आधी लिहा.

आणि कृपा करून "सोनं घेऊन ठेवा" सुचवू नका. तो सल्ला नणंदेकडून दर रविवारी मिळतो.