तुरीनचं कफन: खोटा अवशेष म्हणून मोडीत का काढायचं?

लेणीवेडी: इटलीतल्या तुरीनच्या कफनाचा, म्हणजे येशूचा देह ज्यात गुंडाळला असं मानतात त्या कापडाचा, विषय निघाला की एकच प्रश्न येतो, येशूचं की नाही? माझ्या मते तो १९८८ मध्येच सुटला. ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना या तिन्ही प्रयोगशाळांच्या कार्बन चाचणीत काळ निघाला १२६० ते १३९०. कापड पहिल्यांदा लोकांसमोर आलं तेही १३५५ च्या सुमारास, फ्रान्समधल्या लिरे गावी.

पण म्हणून ते फेकून द्यायचं? साडेचार मीटरच्या आसपास लांबीचं लिनन, त्यावर पुढून-मागून एकाच देहाची फिकट पिवळसर छटा. लांबट चेहरा, सडपातळ अंग, अगदी युरोपातल्या मध्ययुगीन गॉथिक शिल्पांसारखं. आणि देह आडवा असून केस मात्र उभ्या माणसासारखे खांद्यावर उतरलेले! ज्याने हे केलं तो मोठा कलाकार होता. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वसईचा पाव्हणा: ताई, कलाकार असेल तर कुंचल्याचा फराटा दाखवा. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी पाच दिवस तपासलं आणि हे रंगवलेलं चित्र नाही म्हणाले. त्या काळचे चित्रकार खिळे तळहातात दाखवत. इथे जखम मनगटाशी आहे. १८९८ मध्ये सेकोंदो पिया या छायाचित्रकाराने फोटो काढला तर काचेच्या निगेटिव्हवर, उलट्या छटांत, जिवंत वाटावा असा चेहरा उमटला. आणि चाचणीचा नमुना घेतला एका कोपऱ्यातून, जिथे शतकानुशतके हात लागले. तिथे नंतरच्या धाग्याने रफू केलेलं असणार, म्हणून काळ अलीकडचा निघाला.

धागादोरा: रफूबद्दल बोलते, कारण माझी वीस वर्षं जुनी वस्त्रं दुरुस्त करण्यात गेली. रफू सुलट बाजूने लपतं, उलट बाजूला टोकं बोलतात. २००२ मध्ये मागचं अस्तर काढलं तेव्हा वस्त्रतज्ज्ञ मेख्टिल्ड फ्लुरी-लेम्बर्ग यांनी ती बाजू पाहिली. रफू नाही म्हणाल्या. मात्र कापडाची एक शिवण इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यावर सापडलेल्या पहिल्या शतकातल्या कापडांसारखी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. लेणीवेडी, ते तुम्ही गाळलंत.

लेणीवेडी: गाळलं, चूक माझी. पण शिवणीची रीत टिकून राहू शकते. १३८९ मध्ये फ्रान्समधल्या त्रुआचे (Troyes) बिशप पिएर दार्सी यांनी अविन्योंचे पोप क्लेमेंट सातवे यांना लिहिलं की एका चित्रकाराने आधीच्या बिशपांपुढे कबुली दिली होती. हे चर्चच्याच माणसाचं लिखाण आहे, नास्तिकाचं नव्हे.

वसईचा पाव्हणा: त्यात चित्रकाराचं नाव कुठे आहे? माझी श्रद्धा कापडावर टांगलेली नाही, चर्चही ते खरंच आहे असं मानायची सक्ती करत नाही. पण गुड फ्रायडेला तो चेहरा आठवतो, आणि कुणी त्याला नुसतं "चलाखी" म्हटलं की लागतं. पुन्हा चाचणी करा, या वेळी मधून कापून.

लेणीवेडी: मधून? त्या चेहऱ्याजवळ कात्री? मी मध्ययुगीन मानते, तरी एक धागा तोडू देणार नाही.

धागादोरा: कात्री कशाला? १५३२ मध्ये फ्रान्समधल्या शांबेरीत कफन असताना लागलेल्या आगीत जळलेल्या कडांचे तुकडे २००२ मध्ये काढून जपून ठेवलेत. तेच तपासा.

वसईचा पाव्हणा: हे चालेल.