मदत हवी आहे: शहरातल्या माणसांना काय म्हणायचं?

घाईत_आहे: मध्य आशियातल्या शहराच्या रहिवाशांसाठी नेमका शब्द हवाय. आज रात्री सबटायटल द्यायची आहेत. शब्दकोशात नाही. प्लीज लवकर.

शब्दकीडा: कुठलं शहर? मूळ संवाद कुठल्या भाषेत?

घाईत_आहे: उझबेकिस्तानातलं समरकंद, अजून कुठलं! 'समरकांदका' असं ऐकू येतंय.

शब्दकीडा: म्हणजे रशियन. पुरुष समरकांदेत्स, बाई समरकांदका, अनेकवचन समरकांद्त्सी. उझबेकमध्ये समरकंदलिक, अनेकवचन समरकंदलिकलार. ताजिकमध्ये समरकंदी, समरकंदियोन. या दोन्हींत लिंगभेद नाही. उझबेक '-लिक' मात्र भाववाचक नामालाही लागतो: याख्शिलिक म्हणजे चांगुलपणा. दिसला '-लिक' की माणूस समजू नका.

मधलीसुट्टी: सरळ 'समरकंदकर' लिहा. लंडनकर, दुबईकर चालतात ना?

जुनाखांब: बातमीच्या मथळ्यात चालतात. समरकंदच्या रेगिस्तान चौकातली आजी स्वतःला 'समरकंदकर' म्हणाली तर प्रेक्षक हसतील. 'समरकंदी' घ्या.

मधलीसुट्टी: समरकंदी असतो कागद. माणूस नव्हे.

शब्दकीडा: नामाला जोडून 'समरकंदी आजी' छान वाटतं, नुसतं 'समरकंदी आली' लंगडं पडतं. रशियनमधलं '-का' मराठीत आजी, मुलगी, बाई अशा नामावर सोपवा. अक्षरं वाचवायला 'उझबेक' मात्र करू नका, त्या शहरात ताजिक बोलणारे पुष्कळ आहेत.

भटकभवानी: समरकंदला जायचं तर ताश्कंदहून अफ्रासियाब ही वेगवान रेल्वेगाडी घ्या, ३४४ किमी, साधारण दोन-सव्वादोन तास. तिकीट आधीच काढा, गाड्या भरतात.

जुनाखांब: तिकीट कोणी विचारलं?

घाईत_आहे: ओके, 'समरकंदची आजी' केलं. पुढे 'बुखार्स्किये येव्रेई' आलंय. बुखारा शहरातले ज्यू ना?

शब्दकीडा: नाही! हे आधी सांगायचं ना. ती समाजाची ओळख आहे, शहराचा पत्ता नव्हे. समरकंद, ताश्कंदमध्येही हा समाज होता. 'बुखारी ज्यू' लिहा. शहरवासीयांसाठी रशियन शब्द वेगळे: बुखारेत्स, बुखार्का, बुखार्त्सी. तिथे 'बुखाराचे लोक' करा, कारण नुसतं 'बुखारी' आपल्याकडे आडनाव वाटतं.

मधलीसुट्टी: अवांतर, आलुबुखारही तिथलाच का?

जुनाखांब: नावावरून तरी तिथलाच. फारसीत आलू म्हणजे प्लम, बटाटा नव्हे.