मदत हवी आहे: हातातल्या रंधा मशीनने जुन्या सागवानी फळ्या सपाट करायच्या आहेत

गावच्या घराचा माळा उतरवला. त्यातल्या सागवानी फळ्या सरपणात जाऊ द्यायला मन होईना. चार फूट लांब, नऊ इंच रुंद, जाडी सव्वा इंचाच्या आसपास. जेवणाचं टेबल करायचा बेत आहे. मिलवाला खिळ्यांच्या भीतीने जुनं लाकूड मशीनला लावत नाही (त्याचंही बरोबरच आहे), म्हणून ८२ मिमीचं इलेक्ट्रिक प्लेनर घेतलं.

आता अडचण अशी, की प्रत्येक फेरीत फळीच्या शेवटच्या दीड-दोन इंचांत खळगा पडतोय. गाठीजवळ रेषा उचकटून चिलपा निघतात. ओळखीचे एक सुतारकाका म्हणतात, मशीन उलटं करून बाकाला आवळ आणि फळी त्याच्यावरून सरकव, एकदम सरळ येईल. ते स्वतः वर्षानुवर्षं तसंच करतात. करू का?

ढलपी (सदस्य): खिळे आधी. चुंबक दोन्ही बाजूंनी फिरवा. डोकं तुटलेला खिळा काळ्या डागावरूनही ओळखू येतो, लोखंडाने साग काळा पडतो.

खळग्याची दोन कारणं असतात. पहिलं, हाताचा दाब. सुरुवातीला पुढच्या मुठीवर, मधे दोन्हीवर सारखा आणि पुढचा पत्रा (मशीनच्या तळाचा पात्यापुढचा भाग; मागचा पत्रा पात्यामागचा) फळीबाहेर गेला की सगळा मागच्या मुठीवर. दुसरं कारण लोक तपासतच नाहीत: पातं मागच्या पत्र्याच्या पातळीत हवं. वर आलेलं असेल तर शेवटी मशीन हमखास खाली बसतं. प्लग काढा, स्टीलची पट्टी मागच्या पत्र्यावर टेकवून ड्रम (पाती बसवलेला रूळ) हाताने फिरवा. पातं पट्टीला जेमतेम घासलं पाहिजे, दोन्ही पाती, दोन्ही टोकांना. कापाची खोली ठरवणाऱ्या पुढच्या गोल मुठीने फक्त पुढचा पत्रा वरखाली होतो, त्याने हे दुरुस्त होत नाही.

आळशी सुतार: उलटं लावू नका. काकांचा हात बसलाय, तुमचा बसलेला नाही, आणि पात्याला हात कोणाचा ते कळत नाही. उघडा ड्रम मिनिटाला साधारण १६,००० फेरे घेतो. काही मॉडेलना कंपनीचाच उलटा स्टँड मिळतो, त्याला पात्यावर झाकण असतं. तो असेल तर गोष्ट वेगळी. एरवी फळी बाकाला आवळा आणि मशीन फिरवा. फूटभरापेक्षा छोट्या तुकड्याला हातरंधाच बरा.

हातमोजे नकोत, शर्टाच्या बाह्या वर. वायर खांद्यावरून मागे टाका. बटण सोडल्यावरही ड्रम फिरत राहतो, तो थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही. ढलप्यांचं तोंड तुंबलं तर प्लग काढल्याशिवाय बोट घालू नका.

ढलपी: चिलपांचं राहिलंच. फळीच्या कडेला बघा, रेषा ज्या दिशेला वर चढतात त्याच दिशेने मशीन न्या. गाठीभोवती रेषा दिशा बदलतात, तिथे खोली पाव मिमीवर आणा आणि हळू जा. तरी उचकटलं तर तेवढा भाग हातरंध्याने किंवा स्क्रेपरने. सागात सिलिका असते, साधं पातं लवकर बोथट होतं, कार्बाइडचं घाला.

नऊ इंच रुंदीला ८२ मिमीच्या पट्ट्यांमध्ये कंगोरे राहणारच. आधी तिरक्या फेऱ्या मारून उंचवटे काढा, मग लांबीत. फळीची पोकळ बाजू खाली ठेवा म्हणजे डुलणार नाही. पीळ बघायला दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने बघा.

धागाकर्ता: पट्टी लावून पाहिली. एक पातं एका टोकाला स्पष्ट वर होतं, दुकानातूनच तसं आलेलं. बसवून घेतल्यावर खळगा जवळजवळ गेला. मशीन उलटं लावत नाही, काकांना सांगायचं कसं ते बघतो! पण घरात सगळीकडे बारीक पूड आहे आणि नाक चुरचुरतंय. साधा कापडी मास्क चालेल?

आळशी सुतार: नाही. लाकडाची पूड १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या कर्करोगकारक यादीत आहे. एन९५ घ्या, मशीनच्या तोंडाला व्हॅक्यूमचा पाइप जोडा. आणि शक्यतो हे काम अंगणात न्या, घरच्यांच्या शिव्याही वाचतील.