आजोबांचं जुनं सागवानी ईझल: दुरुस्तीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पंचवटीतला आमचा वाडा रिकामा करताना माळ्यावर आजोबांचं ईझल, म्हणजे चित्र काढताना टेकवायचा स्टँड, सापडलं. आजोबा ड्रॉइंग मास्तर होते, सुट्टीत गोदाघाटावर जलरंगात चित्रं काढायचे. ईझल चांगलं पुरुषभर उंच, सागवानी, मधल्या पट्टीला करवतीसारखे दाते, स्क्रू पितळी. वरच्या पकडीचा स्क्रू तुटलाय आणि मागच्या पायाला भोकं पडून बारीक पीठ गळतंय, म्हणजे कीड अजून जिवंत असावी.

एका सुताराने सरळ सँडर मारून नवं पॉलिश करू म्हटलं. मी नको म्हणाले. त्या लाकडावर आजोबांच्या रंगांचे ओघळ आहेत, ते मला जपायचेत. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला तर पॉलिश विरघळलं, म्हणजे ते लाखेचं असणार.

जुन्या आट्यांचा पितळी स्क्रू तांबट लेनमध्ये कुणी बनवून देईल का? आणि रंगाला धक्का न लावता कीड मारायला काय वापरावं? नाशिकमध्ये लाखेचं पॉलिश हाताने करणारा कारागीर माहीत असेल तर जरूर सांगा. दिवाणखान्यात, थेट ऊन येणार नाही अशा भिंतीशी, त्यांचं रामकुंडाचं चित्र त्यावर ठेवायचंय. आजी पंच्याऐंशीची आहे, तिला दिवाळीआधी दाखवायचंय.