अवकाशयानाचा माझा गेम खेळणाऱ्यांना कळतच नाही : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेली दीड वर्षे नोकरी सांभाळून, रात्रीच्या वेळात मी एकट्याने अवकाशयानाचा एक शूटर गेम तयार करीत आहे. गोडो हे गेम तयार करण्याचे मोफत इंजिन (सॉफ्टवेअर) वापरले आहे. चित्रे आणि आवाज माझेच आहेत. पहिले तीन टप्पे पूर्ण झाल्यावर मागच्या महिन्यात मी तो अकरा जणांना खेळायला दिला. त्यांच्या प्रतिक्रिया वाचून, आणि त्याहूनही त्यांना खेळताना पाहून, मी गोंधळलो आहे.

आधी नियम सांगतो, कारण त्याशिवाय अडचण लक्षात येणार नाही. यानाला जडत्व आहे. जोर देणे थांबवले तरी ते त्याच दिशेला, त्याच वेगाने जात राहते. थांबायचे असेल तर यान वळवून उलट दिशेने जोर द्यावा लागतो. यानाकडे ऊर्जेचा एकच साठा आहे. त्यातूनच तोफ चालते आणि त्यातूनच ढाल टिकते, म्हणजे जितक्या गोळ्या झाडाव्यात तितकी ढाल पातळ होत जाते. शत्रूच्या नारिंगी गोळ्या चुकवायच्या असतात, निळ्या मात्र अंगावर घ्यायच्या; त्यांनी साठा पुन्हा भरतो. आत्ता मारावे की आत्ता जपावे, हा प्रश्न खेळणाऱ्याला क्षणोक्षणी पडावा, ही या खेळामागची मूळ कल्पना आहे आणि तिच्यात माझा जीव गुंतला आहे.

अकरांपैकी तिघेच पहिला टप्पा पार करू शकले. ‘यान ऐकतच नाही’ ही तक्रार सहा जणांनी केली. ‘निळ्या गोळ्या घ्यायच्या की चुकवायच्या?’ असे चौघांनी विचारले, आणि हे चौघेही मदतीचे पान उघडून पाहिलेले होते. त्या पानावर मी चौदा ओळींत सर्व नियम दिले आहेत. एका मित्राने ‘छान जमलाय’ एवढेच कळवले. नोंदीत पाहिले तर त्याने चार मिनिटांत गेम बंद केला होता आणि पुन्हा उघडलाच नव्हता. मला सर्वांत जास्त लागले ते हेच.

मग माझा भाचा घरी आला असताना मी त्याला लॅपटॉपसमोर बसवले आणि तोंडातून एक शब्दही काढायचा नाही असे ठरवून त्याच्या मागे उभा राहिलो. पोराने पहिल्या सेकंदापासून स्पेसबार दाबून धरला. डाव्या कोपऱ्यात, खाली, ऊर्जेची पट्टी भराभर उतरत होती, पण त्याची नजर तिकडे एकदाही गेली नाही. ती यानावर आणि वरून येणाऱ्या लघुग्रहांवर खिळलेली होती, आणि ते स्वाभाविकच होते. पट्टी संपली, ढाल गेली, आणि बोराएवढा एक दगड पंखाला घासून जाताच यान फुटले. तो वळून मला म्हणाला, “मामा, मला तर काही लागलंच नव्हतं.” त्याला उत्तर काय द्यावे, ते मला सुचले नाही, कारण माझ्या दृष्टीने सगळे नियमाप्रमाणेच झाले होते.

यावर एक सोपा उपाय म्हणजे सुरुवातीला शिकवणीचा टप्पा घालणे. पण जुने खेळ आठवले की मन तयार होत नाही. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी केलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये अकरा-अकराच्या पाच रांगा खाली सरकत येतात, आणि शत्रू कमी होतील तसा उरलेल्यांचा वेग वाढतो. हे मुळात त्या यंत्राच्या मर्यादेमुळे घडले : चितारायची चित्रे कमी झाली की प्रोसेसरचे काम हलके होई आणि उरलेली झपाट्याने सरकत. निशिकादोंनी ते तसेच राहू दिले. खेळणाऱ्याला हा नियम कोणी सांगावा लागत नाही, तो त्याच्या हाताला कळतो. माझ्या खेळातले नियमही असेच हाताला कळावेत, अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती अशी की, खेळ अवघड असणे आणि खेळ न कळणे यांतला फरक प्रतिक्रियांवरून कसा ओळखावा, हे कृपया सांगावे. अवघडपणा मला हवा आहे, गोंधळ नको आहे, पण लोक दोन्हींसाठी ‘जमत नाही’ हाच शब्द वापरतात. एकच नियम काढून टाकायचा झाला तर आपण कोणता काढाल, हेही मला जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद :

नमस्कार. मी काही वर्षे मोबाइलवरचे लहान गेम केले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. यान फुटल्याबरोबर खेळणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : कशामुळे गेलात? त्याने चिडून का होईना, पण नेमके कारण सांगितले, तर खेळ अवघड आहे. त्याला कारणच सांगता आले नाही, तर खेळ कळलेला नाही. तुमच्या भाच्याच्या वाक्यात तुमचे निदान आलेले आहे. ‘आवडला का?’ हे मात्र ओळखीच्या माणसाला विचारू नये. ‘छान जमलाय’ हेच उत्तर येते.

नियम काढू नका, नियमाची खूण जागेवर आणा. ढाल पातळ झाली आहे हे कोपऱ्यातल्या पट्टीवर सांगण्याऐवजी यानाभोवतीच्या कड्यातून सांगा, म्हणजे जिथे नजर आहे तिथेच ते दिसेल. निळ्या गोळ्यांचेही तसेच आहे. २००१ सालच्या ‘इकारुगा’त यान पांढरे किंवा काळे होते आणि ज्या रंगाचे यान त्या रंगाच्या गोळ्या ते शोषून घेते, काय घ्यायचे याचे उत्तर यानाच्या अंगावरच असते. तुमच्या पडद्यावर निळ्या रंगाचा अर्थ सांगणारे दुसरे काहीच नाही, आणि शत्रूच्या तोंडून निघालेली वस्तू चुकवावी असेच कोणालाही वाटणार.

जडत्वाबद्दल सांगायचे तर, अटारीच्या १९७९ सालच्या ‘ॲस्टेरॉइड्स’ची आठवण ठेवा. त्यातले यानही घरंगळत जाते, पण जोर देणे थांबवले की हळूहळू मंदावून अखेरीस थांबते. खऱ्या अवकाशात असे होत नाही. तरीही खेळणाऱ्याच्या हाताचा विचार करून ती सवलत दिलेली आहे. गोडोत लिनिअर डँप, म्हणजे सरळ जाणाऱ्या वस्तूचा वेग आपोआप कमी करणारा आकडा, मुळात ०.१ असते. तुम्ही ते शून्य केले आहे का? आणि पंखाला घासून यान फुटत असेल तर टक्कर धरण्याचे क्षेत्र चित्रापेक्षा बरेच लहान करा. गोळ्यांचा पाऊस पाडणाऱ्या जपानी खेळांत ते यानाच्या मधोमध अगदी छोटेसे असते, त्यामुळे जे थोडक्यात हुकले ते खरोखर हुकते.

धागाकर्ता :

मनापासून आभार. होय, डँप मी हट्टाने शून्य केले होते, कारण भौतिकशास्त्राशी तडजोड नको असे मला वाटत होते. आता ते ०.५ ठेवून पाहिले आहे. यान थांबते, पण घरंगळण्याची गंमत जात नाही. पट्टी काढून यानाभोवती कडे दिले, टक्कर धरण्याचे क्षेत्र निम्म्याहून लहान केले, आणि आमच्याच इमारतीतल्या दोघांना, ज्यांनी हा खेळ कधीच पाहिला नव्हता, काही न सांगता खेळायला बसवले. दोघांपैकी एका मुलीने तिसऱ्या प्रयत्नात कडे बारीक होताच स्पेसबारवरचे बोट आपणहून उचलले. दीड वर्षात प्रथमच माझा नियम मला दुसऱ्याच्या हातात दिसला. यान फुटल्यावर तिला कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मी जास्त झाडल्या.”

निळ्या गोळ्या मात्र दोघांनीही शेवटपर्यंत चुकवल्या. कडे आणि गोळ्या एकाच निळ्या रंगात ठेवूनही संबंध लक्षात आला नाही. आता मी असा विचार करतो आहे की त्या शत्रूने झाडूच नयेत. शत्रू फुटल्यावर त्याच्यातून त्या गळाव्यात आणि संथ तरंगत राहाव्यात. तसे केले तर धोका पत्करून ऊर्जा मिळवण्याचा ताण कमी होईल, ही शंका आहे. याबाबत कोणी प्रयोग केला असल्यास कृपया लिहावे. तसेच ज्यांच्याकडे विंडोज संगणक आहे आणि वीस मिनिटे देता येतील, त्यांनी व्यक्तिगत निरोपातून कळवावे, मी गेम पाठवतो. पहिल्यांदा खेळणारा माणूस मला प्रत्येक बदलासाठी नव्याने शोधावा लागतो, आणि ओळखीतले सगळे आता संपले आहेत.