हॉलमधल्या सोनेरी झुंबराला चॉक पेंट: धातूवर टिकतो का?

नौपाड्याची_सून
आमच्या हॉलमध्ये पाच फांद्यांचं झुंबर आहे. चकचकीत सोनेरी, प्रत्येक फांदीला खाली मान घातलेलं काचेचं फूल. सासूबाईंनी हौसेने घेतलेलं, त्यामुळे काढून टाकायचा विषयच नाही. "रंगव हवं तर" एवढी परवानगी परवा मिळाली, ती मागे घेतली जायच्या आत काम उरकायचं आहे. फिकट राखाडी चॉक पेंट (खडूसारखा, चकाकी नसलेला रंग) आणि नक्षीच्या खाचांत डार्क वॅक्स (गडद मेण), असं मनात आहे. व्हिडिओंत सगळे सांगतात, घासायला नको, प्रायमर नको, थेट ब्रश मारा. धातूवर खरंच चालतं का असं? आणि बल्बच्या उष्णतेने वॅक्स वितळणार नाही ना?

कोपरखैरणेकर
आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. नाही चिकटला तर छताच्या वाटीच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, जरा खरवडा. आतही पिवळंच निघालं तर ते खरं पितळ आहे, आणि खऱ्या पितळेवर रंग फासणं मला तरी पटत नाही. वरचं लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) काढून पितांबरीने घासा, ठाण्याचीच आहे. लॅकर असेपर्यंत मात्र कितीही घासलंत तरी उपयोग नाही.

नेरुळची_रंगारीण
मी जुनं फर्निचर रंगवून देते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. चॉक पेंट अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये इंग्लंडमध्ये आणला, तो मुख्यतः फर्निचरसाठी. "घासायला नको" हे लाकडावर बऱ्यापैकी खरं आहे, धातूवर मात्र नाही. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि त्यात गुळगुळीत मुलामा. तिथे नख लागलं तरी टवका निघतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवा. स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा चिकट थर हमखास असतोच. मग बारीक पॉलिश पेपर फिरवून चकाकी मोडा. लोखंड उघडं पडलं असेल तिथे रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) लावाच, कारण हा रंग पाण्यातला आहे, उघड्या लोखंडावर लगेच तांबूस डाग फुटतात. बाकी भागाला मेटल प्रायमर. रंगाचे दोन पातळ हात द्या, दुसऱ्यात किंचित पाणी घालून. नक्षीत रंग साचू देऊ नका, खाचा बुजल्या तर डार्क वॅक्स बसणार कुठे?

आता वॅक्स. आधी क्लिअर, त्यावर डार्क, हा क्रम मोडू नका. थेट डार्क लावलंत तर राखाडी रंग ते पिऊन टाकतो आणि पुसलं तरी मळकट दिसतो. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, मऊ त्याआधीच पडतं. पिवळे फिलामेंटचे बल्ब असतील तर होल्डरजवळ वॅक्स नकोच. एलईडी लावा, उष्णता बरीच कमी. वॅक्स पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर धूळ धरतं. आणि त्यावर पुढे वॉर्निश बसत नाही. रंग पसंत पडेल की नाही अशी शंका असेल तर आत्ता वॅक्स लावूच नका, नुसता रंग देऊन महिनाभर बघा. घरी पीओपी कालवून चॉक पेंट करायच्या फंदातही पडू नका, डब्यातच आळतो.

पावसाळ्यात करायचंच असेल तर दोन हातांमध्ये अख्खी रात्र जाऊ द्या.

कळव्याचा_वायरमन (निवृत्त)
कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. झुंबर छतावर लटकत असताना रंगवू नका. आणि उतरवताना नुसतं बटण बंद करून शिडीवर चढू नका. जुन्या बिल्डिंगमध्ये बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलवर दिलेलं सापडतं. दिवा विझलेला असतो पण होल्डरपर्यंत २३० व्होल्ट आलेले असतात. मेन बंद करा, टेस्टर लावा, मगच हात घाला. हिरवी अर्थिंगची वायर ज्या स्क्रूला आवळली आहे त्याच्याखाली रंग जाऊ देऊ नका, जोड धातूला धातू लागूनच हवा. होल्डरच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबा. आतली वायर कडक होऊन तडकली असेल तर रंगाआधी बदलून घ्या, नंतर ओढाल तर रंग खरवडला जाईल.

नौपाड्याची_सून
चुंबक मधल्या दांड्याला चिकटला, पानांना नाही. खरवडलं तर आत पांढरट धातू, म्हणजे पितळ नाहीच. सासूबाईंना हे सांगायचं की नाही ते ठरवायचंय! आमचे वायरमन शनिवारी उतरवून देतील. वॅक्स सध्या थांबवते. काचेची फुलं बदलायची झाली तर साध्या शेड मिळतील का?

नेरुळची_रंगारीण
मिळतील. जांभळी नाक्याच्या बाजारात जाताना एक फूल सोबत न्या आणि मानेचं माप तिथेच जुळवा. काही शेड होल्डरच्या रिंगने अडकतात, काही बाजूच्या तीन स्क्रूंनी. तुमची स्क्रूवाली असेल तर मापात थोडी सूट मिळते, रिंगवाली मात्र तंतोतंत लागते.